निशाणीत अर्थ येतो कुठून?

प्रश्न उपयोजित कला शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. तिच्या तालुक्यातल्या शेतकरी उत्पादक कंपनीनं तिला बोधचिन्ह करायला सांगितलंय आणि संचालकांपैकी प्रत्येकाला त्यात आपलं काहीतरी हवंय: बैल, विहीर, उगवता सूर्य, कणीस, शिवाय जोडलेले हात. ती विचारते, "चिन्हाचा अर्थ चित्रातच असतो, की बघणारे तो देतात? आणि एखादं चित्र एखाद्या समूहाची ओळख कसं होऊन बसतं?"

मी पाट्या आणि भिंती रंगवत या धंद्यात आलो, आता संगणकावर बोधचिन्हं करतो. निवडणुकीच्या निशाण्या मी भिंतीवर काढल्या आहेत, पत्रकांसाठी ट्रेस केल्या आहेत, डमी मतपत्रिकांवर बसवल्या आहेत. म्हणून उत्तरही तिथूनच देतो. दुसरंही एक कारण आहे. स्वस्तिक, कमळ, चंद्रकोर यांना अर्थ कुठून आला हे शोधायला गेलं की शतकानुशतकं मागं जावं लागतं आणि हाती बहुतेक अंदाजच लागतात. निवडणुकीच्या निशाणीचं तसं नाही. अमुक साली अमुक चित्र अमुक पक्षाला मिळालं, याचा सरकारी कागद असतो. ज्या दिवशी ते मिळतं त्या दिवशी त्या चित्राचा त्या पक्षाशी काडीचाही संबंध नसतो. पुढे तो संबंध कसा जुळला, कुणी जुळवला, कुणी वाकडा केला, हे सगळं आपल्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. चित्रानं चटकन ओळखू यावं आणि शेजारच्या चित्राहून वेगळं दिसावं, एवढंच त्याचं काम. अर्थ त्याच्यात माणसं भरतात, वापरून वापरून. आणि एकदा तो भरला की ज्याच्या नावावर चिन्ह आहे त्याच्याही ताब्यात राहत नाही.

पहिली सार्वत्रिक निवडणूक २५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२ अशी चालली. मतदार १७ कोटींच्या वर, आणि १९५१ च्या जनगणनेत साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढचा पेच सरळ होता: ज्याला नाव वाचता येत नाही त्यानं मत द्यायचं कसं? तोडगा असा निघाला की प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवायची आणि पेटीवर त्याची निशाणी चिकटवायची. मतदारानं कोरी मतपत्रिका घ्यायची आणि हव्या त्या पेटीत टाकायची. शिक्का नाही, फुली नाही. त्या लोखंडी पेट्यांपैकी १२ लाखांहून जास्त मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या.

तेव्हाची यादी आज वाचताना गंमत वाटते. काँग्रेसला जू घेतलेली बैलजोडी, समाजवाद्यांना वडाचं झाड, किसान मजदूर प्रजा पक्षाला झोपडी, कम्युनिस्टांना कणीस आणि विळा, जनसंघाला दिवा, ज्याला आपल्याकडे लोक पणती म्हणत. हिंदू महासभेला घोडेस्वार. डॉ. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला हत्ती. रामराज्य परिषदेला उगवता सूर्य, जो आज तमिळनाडूत कुणालाही दाखवला तर द्रमुकचंच नाव येईल. आणि हाताचा पंजा होता फॉरवर्ड ब्लॉकच्या रुईकर गटाकडे, म्हणजे नागपूरच्या कामगार पुढाऱ्यांच्या पक्षाकडे. चित्रं तीच राहिली आणि धनी बदलले. अर्थ चित्रातच असता तर हे जमलंच नसतं.

या यादीत जे नाही ते मला जास्त बोलकं वाटतं. नांगर नाही. नांगर अनेक पक्षांना हवा होता, म्हणून आयोगानं तो कुणालाच दिला नाही. शेतीप्रधान देशात नांगर म्हणजे आधीच भरलेलं चित्र. ज्याला तो मिळाला असता त्याला शेतकऱ्याच्या मनातली अर्धी जागा फुकटात मिळाली असती. तुमच्या संचालकांची यादी मी वाचली तेव्हा मला हेच आठवलं. बैल, सूर्य, कणीस ही सगळी भरलेली चित्रं आहेत, आणि ती वापरणारे तुमच्या कंपनीआधी शेकडो झालेत. नांगर पुढे एकदा जोरात आला तो १९७७ मध्ये. तेव्हा जनता पक्षानं भारतीय लोकदलाच्या निशाणीवर, म्हणजे चक्रात उभ्या नांगरधारी शेतकऱ्यावर निवडणूक लढवली. पण तोवर लोकांच्या मनात काय होतं हे त्या नांगरानं ठरवलं नव्हतं, आणीबाणीनं ठरवलं होतं.

अभ्यासक्रमात तुम्हाला चार्ल्स सँडर्स पर्स यांची त्रिविध विभागणी शिकवली असेल: सारखेपणानं ओळखू येणारं चिन्ह, कारणानं जोडलेलं चिन्ह (धूर दिसला की विस्तव असणार), आणि केवळ संकेतानं ठरलेलं चिन्ह. निवडणुकीची निशाणी पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारात एकाच वेळी बसते. पणतीचं चित्र पणतीसारखं दिसतं म्हणून ओळखू येतं, पण पणती म्हणजे जनसंघ हा निव्वळ संकेत. पहिलं काम चित्रकाराचं, दुसरं काम समाजाचं. आपल्या धंद्यात बहुतेक भांडणं होतात ती ग्राहक दुसरं कामही चित्रकाराकडूनच करून मागतो म्हणून.

चित्रकाराचं काम नेमकं काय, ते आयोगाच्या रेखाटनांत दिसतं. कितीतरी वर्षं ही चित्रं आयोगाचे रेखाटनकार एम. एस. सेठी हातानं, पेन्सिलीनं काढत. ते १९९२ मध्ये निवृत्त झाले. सायकल, कंदील, शिलाई मशीन, पतंग, बादली, शिट्टी, कपबशी. ही चित्रं नीट निरखून पाहा. मागे पार्श्वभूमी नाही, रंग नाही, सजावट नाही. वस्तू अशा बाजूनं काढलीय की तिची कड एका नजरेत कळते. कपबशी वरून काढली तर दोन वर्तुळं दिसतील, म्हणून ती बाजूनं, कानासकट. सायकल समोरून काढली तर एक काठी दिसेल, म्हणून आडवी. नवशिक्या चित्रकाराला ही चित्रं बाळबोध वाटतात. माझ्या मते आपल्याकडच्या सार्वजनिक चित्रकलेतलं हे अत्यंत शिस्तीचं काम आहे आणि त्याची व्हावी तितकी कदर झालेली नाही. मुक्त चिन्हांच्या, म्हणजे कुठल्याही पक्षासाठी राखून न ठेवलेल्या चिन्हांच्या, आजच्या यादीत लॅपटॉप, सीसीटीव्ही कॅमेरा, पेन ड्राइव्ह, नेलकटर, टूथब्रश आलेत, पण चित्र काढायची पद्धत तीच आहे. प्राणी मात्र नव्यानं दिले जात नाहीत. प्रचारात जिवंत प्राणी मिरवले जाऊ लागले, त्यावर प्राणिमित्रांनी आक्षेप घेतला आणि आयोगानं ते बंद केलं. हत्ती, गोव्यात मगोचा (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा) सिंह, अशी जुनी मोजकी चित्रं तेवढी टिकून आहेत.

१९६२ पासून देशभर वेगवेगळ्या पेट्या गेल्या आणि एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत आली. "ताई माई अक्का, विचार करा पक्का" हे त्या शिक्क्याचंच अपत्य. चिन्हाच्या दृष्टीनं हा बदल फार मोठा होता. पेटीवरची निशाणी एकटी असायची. मतपत्रिकेवर ती दहा-पंधरा निशाण्यांच्या रांगेत, अंगठ्याएवढ्या जागेत येऊन बसली. आता प्रश्न "हे काय आहे?" एवढाच राहिला नाही. "यातलं माझं कुठलं?" असा झाला. आजच्या मतदान यंत्रावरही तेच आहे. अनुक्रमांक, नाव, उमेदवाराचा फोटो, मग काळ्या रेषेतली निशाणी, आणि तिच्या पलीकडे निळं बटण. मत कुणाला गेलं हे छापून दाखवणाऱ्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेमागं चिठ्ठी सात सेकंद दिसते, तिच्यावरही निशाणी असते. पक्षाचा भगवा, तिरंगी, निळा, हिरवा यातलं तिथं काही नसतं. वर्षभर रंगानं ओळखला जाणारा पक्ष त्या क्षणी फक्त काळ्या आकारावर उभा असतो.

भिंतीवर काम करताना हा आकार हाताखालून जायचा, म्हणून एक निशाणी जवळून दाखवतो. घड्याळ घ्या. राष्ट्रवादीचं घड्याळ भिंतीवरचं नाही, मनगटावरचं नाही, ते गजराचं आहे: वर कळ, खाली दोन बुटके पाय. दवाखान्यातली जुनी एक्स-रे फिल्म कापून आम्ही त्याचा साचा करायचो. गोल कापला की आतला भाग गळून पडतो, म्हणून कडेला तीन-चार ठिकाणी बारीक जोड ठेवायचे, साचा मारून झाला की ते जोड ब्रशनं भरून घ्यायचे. आकडे सगळे काढायची गरज नसते, बारा, तीन, सहा, नऊच्या जागी ठिपके दिले तरी डोळा बाकीचे भरून घेतो. काटे मात्र जाड हवेत. आणि ते दोन पाय सोडायचे नाहीत. भिंतीसमोर दोन हातांवर उभं राहिलं तर पाय फालतू वाटतात. रस्त्याच्या पलीकडून, चालत्या एसटीतून बघितलं की त्या पायांशिवाय घड्याळाचं ताट होतं, चाक होतं, बिल्ला होतो. त्या दोन ठिपक्यांवर सगळी ओळख तोललेली असते. कुठल्याही चिन्हात अशी एखादी जागा असते. ती सापडेपर्यंत चित्र झालं असं समजू नका.

कमळाचं उलटं आहे. त्याला असा एखादा भाग नाही, सगळं पाकळ्यांच्या मांडणीवर आहे. मधली पाकळी उभी आणि दोन्ही बाजू सारख्या उतरत्या ठेवल्या तर पाकळ्या पाच काढा की नऊ काढा, कमळ कमळच राहतं. म्हणून खेड्यापाड्यांतल्या भिंतींवर कमळाच्या असंख्य तऱ्हा दिसायच्या आणि तरी घोळ होत नसे. आता विद्रूपीकरणाचा १९९५ चा कायदा आणि फ्लेक्स यांच्यामुळे भिंतीचं काम बरंच संपलं. फ्लेक्सवर चिन्ह एका कोपऱ्यात जातं आणि बाकी जागा चेहऱ्यांनी भरते, हे मला चिन्हाच्या दृष्टीनं मोठं नुकसान वाटतं.

आता अर्थ भरण्याकडे येऊ. १९६९ मध्ये काँग्रेस फुटली, बैलजोडी गोठली, म्हणजे ती कुणालाच वापरता येईना. निवडणूक चिन्हांचा १९६८ चा आदेश नुकताच आला होता आणि पक्ष फुटला तर निशाणी कुणाची, याचा निवाडा त्याच्या पंधराव्या परिच्छेदावर होतो, तो आजतागायत. इंदिरा गांधींच्या पक्षाला गाय-वासरू मिळालं, दुसऱ्या गटाला चरखा चालवणारी बाई. १९७१ ला गाय-वासरू जिंकलं. आता या चित्रात काय नाही? घरातली दुभती गाय, वसुबारस, माया, भरलं गोठाघर. निवडणूक चित्र म्हणून याहून सोपी निवड नसेल. आणि त्याच चित्राचं पुढे काय झालं? आणीबाणीच्या काळात विरोधकांनी त्यात आई आणि मुलगा वाचले: गाय म्हणजे इंदिराजी, वासरू म्हणजे संजय. रेषा एकही बदलली नाही. फक्त देशात जे घडत होतं ते लोकांनी त्या चित्रात पाहिलं. ज्यांनी चित्र निवडलं त्यांना ते थांबवता आलं नाही, कारण गाय आणि वासरू यांचं नातं आई-मुलाचंच आहे, ते नाकारणार कसं? चित्रात गोष्ट असली की ती गोष्ट दुसऱ्यालाही सांगता येते, हे मी त्यातून घेतलं.

जानेवारी १९७८ मध्ये पक्ष पुन्हा फुटला. या वेळी इंदिरा काँग्रेसला मिळाला हाताचा पंजा. हाताला गोष्ट नाही. मनगटापाशी तुटलेला, बोटं जुळलेली, तळवा समोर. बांगडी नाही, बाही नाही, कष्टाच्या रेषा नाहीत. बाईचा की पुरुषाचा, तरुणाचा की म्हाताऱ्याचा, काही कळत नाही. महाराष्ट्रात मतदान फेब्रुवारीच्या अखेरीला होतं, म्हणजे भिंतीवर पंजा येऊन जेमतेम काही आठवडे झालेले. तरी त्या निशाणीवर ६२ आमदार निवडून आले. इंदिराबाईंचं नाव त्यामागं होतं हे खरं. पण हात इतक्या लवकर रुळला याचं कारण तो प्रत्येकाजवळ होता. सभेत पुढाऱ्यानं हात वर केला की निशाणी झाली. छापायला लागत नाही, वाटायला लागत नाही. मतदान केंद्राच्या १०० मीटरच्या आत प्रचाराला बंदी असते, तिथं झेंडा काढता येतो, टोपी काढता येते, हाताचं काय करायचं? दृश्य चिन्ह अंगावरच असणं ही ताकद दुसऱ्या कुठल्याच भारतीय पक्षाला मिळालेली नाही.

हत्तीकडे बघितलं तर वापर म्हणजे काय ते आणखी नीट कळतं. १९५१ मध्ये तो फेडरेशनकडे आला, मग रिपब्लिकन पक्षाकडे, १९८४ मध्ये स्थापन झालेल्या बहुजन समाज पक्षानं पुढे तोच घेतला. मध्ये १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरचं धर्मांतर झालं. त्यानंतर बुद्धाच्या आईच्या, मायादेवीच्या स्वप्नातला पांढरा हत्ती लोकांच्या घरातल्या चित्रांत आला, आणि मतपेटीवरचा हत्ती त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. निवडणुकीतलं चित्र आधीचं, धम्माचं नातं नंतर जुळलं, पण आज बघणाऱ्याला दोन्ही एकाच वेळी दिसतात. फेडरेशनच्या झेंड्याचा निळा रंगही असाच पुढे चालत आला. आज वस्तीच्या तोंडाशी निळा झेंडा आणि त्यात अशोकचक्र दिसलं की पक्षाचं नाव लिहावं लागत नाही. पक्ष किती फुटले आणि किती जुळले याचा हिशेब त्या झेंड्याला लागू होत नाही. ती माणसाची स्वतःची ओळख आहे, स्वाभिमानाची आहे. मतपत्रिकेवर जो रंग नव्हता तो इथं निशाणीहून मोठा झाला, कारण लोकांनी तो घरावर लावला, गाडीवर लावला, १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला अंगावर घातला. आणि तोच हत्ती आसामात नेला तर? तिथं तो आसाम गण परिषदेचा आहे, बसपाला वापरता येत नाही.

जानेवारी २०१२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या निवडणुकीआधी आयोगानं लखनौ आणि नोएडाच्या स्मारकांतले हत्तींचे पुतळे झाकायला लावले. रंगीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले ते पुतळे ज्यांनी छायाचित्रांत पाहिले असतील त्यांना आठवेल, पाठीची कमान आणि सोंडेचा उतार झाकणाखालूनही दिसत होता. तपशील गेला, कड राहिली. आयोगाचा हेतू बरोबर होता की नाही हा वेगळा विषय. आकाराची ओळख किती चिवट असते याचं याहून चांगलं प्रात्यक्षिक मी तरी पाहिलेलं नाही.

गोव्याचं उदाहरण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, कारण तिथं चिन्ह पक्षाचं नव्हतंच. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोवेकरांना ठरवायचं होतं, महाराष्ट्रात जायचं की वेगळा केंद्रशासित प्रदेश म्हणून राहायचं. दोन बाजूंना दोन चित्रं दिली गेली: विलीनीकरणाला फूल, वेगळेपणाला दोन पानं. फुलात महाराष्ट्र कुठं आहे? दोन पानांत गोवा कुठं आहे? कुठंच नाही, आणि तेच योग्य होतं. एका बाजूला मुंबईचा नकाशा आणि दुसऱ्या बाजूला मांडवी काढली असती तर कौल चित्रांतच संपला असता. पण थोड्याच काळात त्या फुलाला आणि पानांना काय काय चिकटलं: मराठी आणि कोंकणी, जमीन आणि नोकऱ्या, देऊळ आणि चर्च, "झालाच पाहिजे" आणि "आमचें गोंय आमकां जाय". १,७२,१९१ मतं दोन पानांना पडली, १,३८,१७० फुलाला. ३४,०२१ चा फरक. त्या पिढीतल्या लोकांशी बोलताना मला जाणवलंय की "तुम्ही फुलाचे की पानांचे" हा प्रश्न त्यांना अजूनही पुरतो. दोन पानं हे चित्र पुढे तमिळनाडूत अण्णाद्रमुकचं झालं आणि तिथल्या माणसाला त्यात पक्षाचे संस्थापक, नट एमजीआर दिसतात. गोव्यातल्या म्हाताऱ्याला आपला गोवा दिसतो.

आता अलीकडचं, जे तुम्ही स्वतः पाहिलंय. इथं कुणाचं बरोबर हा माझा विषय नाही, मी फक्त चित्रांविषयी बोलतोय. शिवसेनेनं सुरुवातीची कितीतरी वर्षं मिळेल त्या निशाणीवर निवडणुका लढवल्या, ढाल-तलवार झाली, रेल्वे इंजिन झालं, १९८५ ला माझगावात मशाल झाली. १९८९ पासून धनुष्यबाण पक्का झाला आणि तीसेक वर्षांत त्यानं बाकीची चित्रं पुसून टाकली. ऑक्टोबर २०२२ मध्ये तो गोठला तेव्हा एका गटाला मशाल मिळाली आणि दुसऱ्याला ढाल-तलवार. दोन्ही चित्रं जुन्या शिवसैनिकाच्या ओळखीची, म्हणून ती परक्यासारखी वाटली नाहीत. १७ फेब्रुवारी २०२३ ला नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला गेला. २०२४ च्या लोकसभेत धनुष्यबाणावर ७ खासदार आले, मशालीवर ९. कायद्यानं चित्र कुणाचं हे ठरवलं, पण माणसं चित्राबरोबर गेली की चित्र सोडून गेली, याचं उत्तर मतदारसंघागणिक वेगळं निघालं.

राष्ट्रवादीच्या बाबतीत तर आमच्या धंद्याचाच धडा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये घड्याळ अजित पवारांच्या पक्षाकडे गेलं आणि शरद पवारांच्या पक्षाला तुतारी वाजवणारा माणूस मिळाला. २४ फेब्रुवारीला रायगडावर त्याचं अनावरण झालं. अर्थाच्या दृष्टीनं यात काही कमी नव्हतं: तुतारी, गड, शिवकाळ, रणशिंग, सगळं जागच्या जागी. भिंतीएवढं काढलं तर चित्र रुबाबदार दिसायचं. पण यंत्रावरच्या अंगठ्याएवढ्या जागेत ते बघा. उभा माणूस, पागोटं, हात, आणि हातातली वळणदार बारीक तुतारी. लांबून दिसतो तो माणूस. वाद्य, ज्याच्या नावानं सगळा प्रचार चालला, ती एक नाजूक रेषा होऊन जाते. त्याच यंत्रावर अनेक ठिकाणी एका अपक्षाला एकटं वाद्य मिळालं होतं, बँडमधल्या ट्रम्पेटसारखं, जाड, स्पष्ट. लोक त्याला पिपाणी म्हणतात, पण चिन्हांच्या मराठी यादीत त्याचंही नाव तुतारीच होतं. मतदाराच्या कानात "तुतारी" होतं आणि डोळ्यांसमोर तुतारीसारखी एकच ठसठशीत वस्तू होती.

दिंडोरीत त्या वाद्यावर उभ्या राहिलेल्या अपक्षाला १,०३,६३२ मतं पडली. त्याचं आडनावही मुख्य उमेदवाराचंच होतं. तरी तिथं पक्ष जिंकला. साताऱ्यात अपक्षाला ३७,०६२ मतं मिळाली आणि पक्षाचा उमेदवार ३२,७७१ मतांनी हरला. यातलं प्रत्येक मत घोळानंच गेलं, असं कुणालाही सिद्ध करता येणार नाही. पण चित्रकार म्हणून मला विचाराल तर ही चूक होणं जवळजवळ ठरलेलं होतं. तोंडात जे नाव आहे ती वस्तू चित्रात सगळ्यांत मोठी हवी. ती माणसाच्या हातात दिली की माणूस मोठा होतो. पुढे पक्षानं आयोगाकडे धाव घेतली, ती याच दोन मुद्द्यांवर: चित्रातली तुतारी नीट दिसावी आणि ते दुसरं वाद्य यादीतून काढावं.

आता तुमच्या कंपनीकडे. संचालक पाच चित्रं मागतायत, कारण प्रत्येकाला आपला अर्थ चित्रात लिहून हवाय. त्यांना १९५१ चा नांगर सांगा. मग बाजार समितीत एक चक्कर मारा आणि खताच्या, बियाण्यांच्या, डाळींच्या गोण्यांवर सूर्य आणि कणीस किती दिसतात ते फोटो काढून आणा. त्या फोटोंच्या मधोमध तुमचं कच्चं रेखाटन ठेवून बैठकीत दाखवा. कोऱ्या कागदावर एकटं ठेवलेलं कुठलंही चिन्ह चांगलंच दिसतं, त्यावर निर्णय घेऊ नका.

पाचातलं एकच निवडायचं झालं तर माझा कौल विहिरीला आहे. बैलजोडी आणि सूर्य यांच्यामागं जुनं राजकारण आहे, तुमच्या भागातल्या म्हाताऱ्यांना ते लगेच आठवेल. जोडलेले हात तर नकोतच. विहीर मात्र गोणीवर सहसा कुणी काढत नाही, कारण ती काढायला अवघड आहे: वरून बघितली तर नुसतं वर्तुळ, बाजूनं बघितली तर भिंत. तिचे "पाय" शोधायचे हे तुमचं खरं काम. रहाट असेल, मोटेची धाव, म्हणजे बैलांची उतरती वाट असेल, काठावरच्या दोन दगडी पायऱ्या असतील. तुमच्याकडच्या विहिरी प्रत्यक्ष बघून त्यातलं काय त्या गावाचं आहे ते ठरवा.

रेखाटन आधी काळ्या एका रंगात करा. दोन सेंटिमीटरमध्ये छापा. गोणीवर साच्यानं मारून बघा, कारण पुढे ते तिथंच जाणार आहे आणि तागाच्या धाग्यात बारीक रेष टिकत नाही. मग हमालांना दाखवा, पण "कसं वाटतं" असं विचारू नका. "या गोण्या कुणाच्या हे सांगताना काय म्हणाल?" असं विचारा. चार जणांनी आपापलं म्हणून एकच नाव घेतलं, "विहिरीच्या गोण्या" असं, तर संचालकांकडे जा. एकानं विहीर, दुसऱ्यानं टाकी आणि तिसऱ्यानं चूल म्हटलं, तर चित्र परत हातात घ्या.

रंग शेवटी ठरवा. आणि कंपनीकडून एक गोष्ट लेखी घ्या: ठरलेलं चिन्ह पावतीवर, काट्यावर, टेंपोवर, गोणीवर एकाच रूपात जाईल आणि अध्यक्ष बदलले म्हणून ते बदलणार नाही.